उलट्या तारा

त्या दिवशी आईने जेलच्या, म्हणजे प्रथिने वेगळी करायच्या पातळ लिबलिबीत चकतीच्या, दहा खाचांत विषाणूच्या कवचाची प्रथिने भरली. एकेक खाच आगकाडीपेक्षा अरुंद, पण तेहतीस वर्षांत तिचा थेंब शेजारच्या खाचेत गेला नव्हता. ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती, मी तिथेच संशोधन करत होते. विभागप्रमुख नव्या मुलांना सांगत, ताईंचं जेल बघा आणि मग आपापलं लपवा.

जेलमधून वीज सोडायची पेटी जुनी, झाकण तुटलेले, त्यामुळे तारा हाताने जोडाव्या लागत. त्या मी जोडल्या. लाल वर, काळी खाली. प्रथिने लाल टोकाकडे ओढली जातात. लाल खाली असेल तरच ती जेलमधून उतरतात, लहान पुढे, मोठी मागे, आणि वेगळी होतात. आम्ही चहाला गेलो. परत आलो तेव्हा नमुन्यात मिसळलेला निळा रंग वरच्या पाण्यात विरून गेला होता आणि त्याच्यासोबत सगळी प्रथिनेही. आमच्याकडे तेवढाच नमुना होता, तोही गेला. सहा महिन्यांची मेहनत.

आईने तारांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि बटण बंद केले. प्रमुख आले तेव्हा तिने सांगून टाकले की तारा तिच्याकडून उलट्या लागल्या, वय झालं. मी बोलणार तोच तिने माझ्या पायावर पाय दिला. तिची निवृत्ती तीन आठवड्यांवर होती. प्रमुख म्हणाले, निरोपाची भेट छान दिलीत, ताई.

घरी जाताना मी म्हटले की उद्या खरे सांगते.

“गप गं. मला आता कोण काढतंय? तुझा मात्र प्रबंध अडकेल.”

मला बरे वाटले. तेही लिहायलाच हवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती घरीच बेसिनपाशी कोसळली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

शोकसभा चर्चेच्या खोलीत झाली. खुर्च्या कमी पडल्या. प्रमुख मनापासून बोलले. ताईंच्या हातून तेहतीस वर्षांत एकच चूक झाली, तीही शेवटच्या दिवशी. तब्येत तेव्हाच बिघडली असणार, आमच्या लक्षात आलं नाही. लोकांनी माना हलवल्या. प्रयोगाच्या वहीतही तसेच लिहिलेले होते, प्रमुखांच्या अक्षरात.

मी उभी राहिले. त्यांना वाटले, मला आभार मानायचे आहेत. त्यांनी मला जागा करून दिली.

“त्या दिवशी तिची तब्येत ठणठणीत होती, सर. तारा मी जोडल्या होत्या. आईने फक्त बघितलं आणि बटण बंद केलं.”