तिकडचा पोळा

औरंगपुऱ्यातल्या वैजनाथरावांच्या सहल कचेरीत युरोपचं पंचांग एकाच डोक्यात होतं, आणि ते डोकं वैदेहीचं होतं. ट्यूलिप कधी फुलतात, द्राक्षतोडणीचा उत्सव कोणत्या गावात खरा आणि कोणत्या गावात नुसता पाहुण्यांसाठी मांडलेला, नाताळचा बाजार कुठे आधी भरतो, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत संकष्टी-एकादशीच्या खाली तिच्या बारीक अक्षरात तिकडचे सण लिहिलेले असत. एवढं सगळं होतं, फक्त बाई स्वतः कधी युरोपला गेल्या नव्हत्या.

एकदा व्हिसा हातात पडला आणि आईच्या, यमुनाबाईंच्या, खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या खेपेला सहलच रद्द झाली. या वर्षी मात्र काही झालं तरी जायचं, असं वैदेहीनं मनाशी पक्कं केलं होतं. सहल तिनंच तर बांधली होती! ऑस्ट्रियाच्या डोंगरात उन्हाळाभर चरायला नेलेल्या गाई सप्टेंबरात खाली गावात उतरतात. डोक्यावर फुलांचे मुकुट, गळ्यात मोठाल्या घंटा, पुढे वाजंत्री आणि दुतर्फा अख्खं गाव. पत्रकावर वैदेहीनं झोकात लिहिलं होतं, ‘चला, तिकडचा पोळा बघू या!’

त्या एका ओळीनंच घात केला. कचेरीत लागून वर्षही न झालेल्या संस्कृतीनं ती ओळ उचलली आणि थेट आपल्या गावी, शेंद्र्याला नेली. तिथं कारखान्यांसाठी जमिनी गेल्या होत्या, घरोघरी पैसा आला होता आणि पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता. पोरीनं चुलता बद्रीनाथ आणि चुलती चतुराबाई यांच्यासकट गाडीभर माणसं जमवली.

वैजनाथरावांनी चष्मा पुसत निकाल दिला. "वैदेही, माणसं तिची आहेत. तिच्यासोबत मोकळी राहतील. या खेपेला संस्कृतीच जाऊ दे."

"हो सर, बरोबर आहे," वैदेही म्हणाली. आतून तिचा तिळपापड झाला होता.

मग सुरू झाला छळ. म्हणजे संस्कृती बिचारी काही करत नव्हती, पण जळणाऱ्याला निमित्त थोडंच लागतं? तिनं गुलमंडीतून लालभडक कोट आणला आणि भर उकाड्यात कचेरीत घालून दाखवला. "ताई, कशी दिसते?" वैदेही म्हणाली, "छान." ती खरंच छान दिसत होती, हेच तर दुखणं होतं. ती वैदेहीला दर तासाला काही ना काही विचारायची. तिथं थंडी किती, चतुराकाकूला चालवंल का, गाईला हात लावू देतात का. वैदेही सगळं नीट सांगायची, आणि आपलंच ज्ञान आपल्याच हातानं दुसरीच्या पदरात टाकताना तिचे दात आवळले जायचे.

निघायला आठवडा उरला असताना दुपारी फोन वाजला. त्या ऑस्ट्रियातल्या गावात मंडळी जिच्याकडे उतरणार होती, त्या घरमालकिणीचा. वैदेही फोन घेऊन गॅलरीत गेली.

बाईचा आवाज उतरलेला होता. डोंगरावर वीज पडून कळपातल्या चार गाई गेल्या होत्या. ज्या वर्षी वर जनावर दगावतं, त्या वर्षी गाई तशाच खाली आणायच्या, अशी तिथली रीत. मुकुट नाहीत, घंटा नाहीत, वाजंत्री नाही. पण पलीकडच्या दरीत त्याच दिवशी थाटात सोहळा आहे, तुमच्या माणसांची सोय तिकडे करते, तुम्ही फक्त हो म्हणा.

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? वैदेहीनं काचेतून आत पाहिलं. संस्कृती लाल कोटाची घडी घालत होती.

"नको," ती इंग्रजीत म्हणाली. "आमच्या लोकांना तुमच्याच गावी यायचंय. काही बदल करू नका."

ती आत आली तेव्हा संस्कृतीनं विचारलं, "कोणाचा फोन व्हता, ताई?"

"टँकरवाल्याचा."

शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं, त्यामुळे हे कुणालाही पटण्यासारखं होतं.

मंडळी गेली. वैदेही बोंबाबोंब होण्याची वाट बघत बसली. लाखभर रुपये मोजून बोडक्या गाई बघायला लागल्यावर शेंद्र्याची माणसं काय गप्प बसणार होती? संस्कृतीची फजिती होणार, सर म्हणणार, ‘तूच जायला हवी होतीस.’ हे वाक्य तिनं मनात इतक्यांदा ऐकलं की तिला ते खरंच वाटू लागलं.

सोहळ्याच्या दिवशी दुपारी वैजनाथरावांच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर बद्रीनाथ होते. डोक्यावर टोपी नव्हती, डोळे लाल झाले होते. आता शिव्या बसणार म्हणून वैदेही हळूच पुढे सरकली.

"वैदेहीताई हायेत का?" बद्रीनाथांनी विचारलं. "ताई, तुमाला हात जोडतो. इथली बाई म्हणली, तुमच्या हाफिसातल्या बाईनं सांगितलंय, आमच्या माणसांला इथंच यायचंय. तुमाला कसं समजलं वो?"

बद्रीनाथ उत्तरासाठी थांबले नाहीत.

"यंदा आमच्या गोठ्यातबी पोळा झाला नाय. पैसा आला, पर पैशानं चारा नाय मिळाला. माझा बैल, हिऱ्या, चारा छावणीत दगावला. कुणापुढं रडलो नवतो मी. इथं त्या गाई गुमान खाली आल्या, समदं गाव गप उभं, अन् मला लई भरून आलं. काल रातीच बाई म्हणली, अजूनबी पलीकडं जा, तिकडं वाजंत्री हाय. मी म्हणलं, दुखवट्याच्या घरी आलो, आता उठून वाजंत्री बघाया जाऊ व्हय?"

मागून चतुराबाई डोकावल्या. त्यांनी घरून नेलेली पुरणपोळी पुढच्या गाईला दिली होती. गुराख्यानं म्हणे आधी स्वतः तुकडा खाऊन पाहिला, मग गाईला खाऊ दिला, आणि मग चतुराबाईंचा हात धरून तोही रडला.

वैजनाथरावांनी चष्मा काढला. "वैदेही, हे तू आधीच ठरवलं होतंस? आणि आम्हाला बोललीही नाहीस! पुढच्या वर्षी तूच जायचंस, मी शब्द देतो."

हवं होतं ते मिळालं होतं. वैदेहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पडद्यावर लाल कोट आला. संस्कृतीनं क्षणभर सरळ तिच्याकडे पाहिलं. त्या बाईनं फोन केव्हा केला होता, हे तिनं नक्कीच विचारून घेतलं होतं.

"व्हय सर," संस्कृती म्हणाली, "समदं ताईंनीच ठरवलं. त्यांच्याबिगर हे झालंच नसतं."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. निदान राग तरी असायचा! इतके दिवस वैदेही या पोरीच्या तिकिटावर जळत होती. आता ती तिच्या मनावर जळू लागली, आणि ही आग त्याहून वाईट होती, कारण असं मन कुठल्या सहलीत मिळत नाही.

"ताई," संस्कृतीनं विचारलं, "टँकर आला का वो?"

"कसला टँकर?" वैजनाथराव म्हणाले.

"आला," वैदेही म्हणाली, आणि मान खाली घातली.