एकाच बाईचे दोन आकडे

त्या गुरुवारी साखरखेर्ड्याबाहेरच्या माळावर इतकी माणसं जमली होती, की उशिरा आलेल्यांना उभं राहायला जागा उरली नाही. ते दुसऱ्यांच्या सावलीत उभे राहिले. एक म्हैस चुकून गर्दीत शिरली ती दर्शन घेऊनच बाहेर पडली, असं दयाराम पानवाला शपथेवर सांगतो. त्यानं स्वतः पाहिलं नाही, पण त्याला सांगणाऱ्यानं पाहिलं होतं.

माळावर महिनाभरापासून शर्कराहारी बाबा उतरले होते. बाबा तीर्थ पाजून पाच मिनिटांत रक्तातली साखर उतरवायचे, आणि तीही मशीनवर मोजून.

फाटकातून आत शिरलं की उजव्या तळव्यावर गुळाच्या पातळ शिऱ्याचा प्रसाद. तो चाटून खायचा, हात डोक्यावरून फिरवायचा आणि तंबूकडे चालू लागायचं. प्रसादाचा हात धुवायचा नसतो, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तंबूत पांढऱ्या कोटातली डिंपल बसलेली. ती उजव्या हाताच्या बोटाला टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायची आणि आकडा माइकवर सांगायची, “पाचशे दहा.” लोक हळहळायचे. मग रोग्यानं तीर्थ प्यायचं, परातीतल्या तीर्थात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून चोळायचे, भगव्या पंचाला पुसायचे आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. पुन्हा टोचणी, त्याच हाताला. “दोनशे पाच.” की माळ दणाणला.

“रक्तातली साखर म्हणजे काय?” बाबा माइकवर विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता सांगायचे, “मागल्या जन्मीची हाव. ती नाडीत गाठोडं बांधून बसते. तीर्थाचे सूक्ष्म कण आत गेले की गाठ सुटते. परदेशात हे आत्ता कळायला लागलंय. आणि भक्तहो, मशीन परदेशी, तीर्थ स्वदेशी, मग खोटं बोलणार तरी कोण?”

तंबूच्या टोकाला तांब्याचं घंगाळ होतं. दोन दिवस आधीपासून सुई बंद ठेवायची आणि तिसऱ्या गुरुवारी रोग्यानं आपलं इन्सुलिन त्यात सोडायचं. याला सुईविसर्जन म्हणायचं. “सुई आणि श्रद्धा एका अंगात नांदत नाहीत,” असं बाबांचं वचन घंगाळावर रंगवलेलं होतं.

फाटक आणि तंबूच्या मधोमध आज पहिल्यांदाच शकीलाबी बांगड्या भरायला बसली होती. साखरखेर्ड्यापासून लोणारपर्यंतचे बाजार तिनं चाळीस वर्षं केले होते. शेजारी साबणाच्या पाण्याचं घमेलं. बाईचा हात त्यात घालायचा, फेस करून चोळायचा, पंजा दाबून लहान करायचा आणि बांगडी मनगटावर सरकवायची. पण आज तिचं ध्यान धंद्यात नव्हतं. उकंडरावांची बायको कोकिळा समोर उभी होती आणि आज कोकिळेचा तिसरा गुरुवार होता. घरी माठाखालच्या ओल्या वाळूत, स्टीलच्या डब्यात जपलेलं इन्सुलिनचं पेन तिनं कमरेच्या पिशवीत आणलं होतं.

“तू खरंच ते टाकणार हायेस?” शकीलाबीनं विचारलं.

“टाकते ना. मागच्या गुरुवारी पाचशे ऐंशीची तीनशे दहा झाली, पाच मिनिटात. तू बी होती की.”

“होती. पण तीनशे दहा म्हणजे काही कमी झाली का, बाई?”

“उतरती तर लागली.”

“अन् ह्या पाण्यानं पुरी बरी झाली कोण? तिचं तोंड दाखव मले एकदा.”

“लोणारची एक बाई झाली म्हणतात.”

“मी सोमवारी लोणारात होती. तिथं चौघींनी मले सांगतलं, साखरखेर्ड्याची उकंडरावाची बायको बरी झाली, तिची सुई सुटली.”

कोकिळाबाईनं कमरेची पिशवी चाचपली. मग म्हणाली, “तर मंग मी बरी होऊन राह्यली असंन. चौघी काय उगाच बोलतीन?”

मागून उकंडराव पुढे आले. “शकीलाबी, लोकं खोटं बोलतीन. मशीन खोटं बोलते काय?”

 बांगडीचं माप हाताला पाहून शकीलाबी सांगू शकत होती. मशीनच्या पोटात काय चालतं, तिला काय ठाऊक. “मले बांगड्या विसर्जनानंतर भर,” म्हणत कोकिळाबाई रांगेकडे गेली.

तेवढ्यात एक गंमत झाली. हातभर चुडा भरून गीताबाई तंबूत गेली आणि माइकवर आकडा आला, “एकशे चाळीस.” तीर्थाच्या आधीच. लोक एकमेकांकडे पाहू लागले. “हिची श्रद्धा हिच्या आधी पोहोचली,” बाबांनी सावरून घेतलं. तिच्यामागून मनकर्णाबाई गेली, तीही नवा चुडा वाजवत. “एकशे अठ्ठावीस.” तिसरीची श्रद्धासुद्धा आधीच पोहोचली, तेव्हा बाबांचे व्यवस्थापक अर्जुनराव तरातरा शकीलाबीकडे आले.

“बाई, दुकान फाटकाबाहेर न्या.”

“काऊन?”

“काचेच्या आवाजानं बाबांचं ध्यान मोडतं.”

“अन् तो भोंगा बोंबलतो, त्यानं नाही मोडत?”

“उठा म्हटलं ना. आणि प्रसाद घेतलेल्या बायांचे हात ओले करत जाऊ नका.”

ते गेले. शकीलाबी घमेल्याकडे पाहत राहिली. फेस पिवळट झाला होता आणि घमेल्याच्या काठावर मुंग्यांची रांग लागली होती. चाळीस वर्षांत तिच्या साबणाला कधी मुंगी लागली नव्हती.

ती उठली. दोन्ही हात साबणानं आणि ताज्या पाण्यानं घासून कोरडे केले, फाटकाशी गेली, उजव्या तळव्यावर शिरा घेतला आणि चाटून खाल्ला. डावा हात तिनं पदराखाली ठेवला. रांगेतल्या बायांना “जरा सरका माय, मले मोजायचं हाय,” म्हणत ती थेट डिंपलसमोर जाऊन बसली. कोकिळाबाई घंगाळाजवळच उभी होती, पेन मुठीत धरून.

डिंपलनं उजव्या बोटाला टोचलं. “पाचशे चाळीस.”

“या अल्ला, शकीलाबी, तुले बी?” मागून रांगेतली तिच्या ओळखीची सबीहा कळवळली.

शकीलाबीनं डावा हात पुढे केला. “आता हा मोज, बेटा.”

“एका माणसाला तीर्थाआधी एकदाच,” अर्जुनराव मधे आले.

“पाच मिनिटानं पुन्हा टोचताच ना तुम्ही? मी तीर्थ पेली नाही, येवढंच. रक्त माह्यं हाय, तुमचं काय जाते?”

डिंपलनं अर्जुनरावांकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. खामगावच्या एका लॅबमध्ये ती चार महिने शिकली होती. मघाचे ते तीन आकडे तिलाही टोचत होते. तिनं डावं बोट टोचलं आणि सवयीनं माइकवर बोलून गेली, “एकशे सहा.”

मागचे लोक टाचा उंचावून पुढे सरकले. शकीलाबीनं दोन्ही पंजे वर धरले.

“उकंडराव भाऊ, मशीन खोटं बोलत नाही. कबूल. मी बाई एक, माह्यं रक्त एक. मंग ह्या हातात पाचशे चाळीस अन् ह्या हातात एकशे सहा कशी?”

उकंडरावांनी दोन्ही पंजे निरखले. मग आपलाच तळवा नाकाशी नेऊन हुंगला. “त्या हातावर शिरा होता,” ते सावकाश म्हणाले.

“हो. मशीननं मले नाही मोजलं. शिऱ्याले मोजलं.”

“उजवी नाडी सूर्याची, डावी चंद्राची,” बाबांनी माइक ओढला. “अज्ञानी जीवाला हा भेद—”

“मग बाबा,” डिंपल म्हणाली, “दोन्ही वेळा उजवाच हात घ्यायला मला का सांगितलं होतं?”

बाबांना एकाएकी ध्यान लागलं.

कोकिळाबाई गुपचूप घमेल्यापाशी गेली. तिनं साबण आणि ताजं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि डिंपलपुढे बोट धरलं. या वेळी डिंपलनं माइक खाली ठेवला.

“मावशी, तीनशे बावन्न आहे.”

“म्हंजे उतरलीच नाही?”

“पहिला आकडा शिऱ्यामुळे फुगायचा. परातीत हात धुतले की दुसरा खरा यायचा. तुमची खरी साखर तेव्हाही तीनशेच्या वरच होती. सुई कधी घेतली?”

“परवा.” कोकिळाबाईचं तोंड कोरडं पडलं होतं. “दोन दिस झाले बाई, पाणी पेऊन पेऊन जीव थकला.”

 चार बायांनी पातळाचा आडोसा धरला, कोकिळाबाईनं नेहमीचा डोस घेतला, आणि उकंडराव तिला मोटरसायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. आठवडाभर ती तिथं होती. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर निभावणं कठीण होतं.

बाबांची जीप संध्याकाळच्या आत तालुका ओलांडून गेली. पुढं पोलिसांत तक्रार झाली आणि डिंपलनं जबाब दिला. घंगाळातून एकोणीस जणांची औषधं निघाली. डॉक्टरांना दाखवून ती एकोणीस घरांत परत पोहोचवायला शकीलाबीला दोन दिवस लागले, आणि प्रत्येक दारात तिला एकच प्रश्न आला, मशीनवर दिसलं ते खोटं कसं?

तर वाचकहो, मशीन खोटं नव्हतंच. साधी गोष्ट आहे: बोटाला गोड लागलेलं असलं की मशीन ते गोडही रक्तात धरतं, म्हणून कुठलाही शहाणा तपासनीस आधी हात धुवायला लावतो. कुणी आकडा दाखवला, फोटो दाखवला, मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, तरी मान डोलावण्याआधी विचारा, की हे नेमकं कशाचं मोजमाप आहे आणि मोजण्याच्या आधी काय काय केलं. “अमकीला गुण आला” म्हणाले तर त्या अमकीच्या घरी जा, ती काय म्हणते ते ऐका. शक्य असेल तिथं दुसऱ्या हातानं, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. आणि औषध मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका. खऱ्या गोष्टीला दुसऱ्यांदा मोजून घ्यायची भीती नसते; जो दुसऱ्यांदा मोजू देत नाही, त्याच्या तंबूतून उठून घरी या.