गूळभेंडीचं बी

"कणसाला हात लावायचा न्हाय," गुरप्पाण्णा म्हणाला. मी बांधावर इळा घिऊन हुबी. मला लई राग आला.

"म्या काय माझ्यासाटी मागतीया व्हय? तुझ्या बायकूला हुरडा खाऊ वाटतुया. पेजंचा घोट उतरंना तिला."

"तिला म्हणावं, पुढल्या साली पोटभर खा."

माझं रान त्येच्या बांधाला लागूनच. लगीन होऊन आल्यापास्नं ह्येचं पुढलं साल ऐकतीया. यंदा हस्ताचा पाऊस आलाच न्हाय, सारी ज्वारी वाळली. हिरीकडचा एक वाफा तेवढा तगला, त्योबी गूळभेंडीचा. गूळभेंडी म्हंजी खास हुरड्याचा जोंधळा. गावात दुसऱ्या कुणाकडं आता ते बी ऱ्हायलं न्हाय, मोडलं की गेलं. त्येचंबी खोटं न्हवतं. पर सोलापूरच्या डाक्टरनं बसव्वाला घरी न्या म्हणून सांगितलं हुतं, अन् त्याचा अर्थ साऱ्या गावाला कळला हुता, ह्येला सोडून.

"अण्णा, तिला कुटलं आलंय पुढलं साल?" मी म्हणलं. तोंड माझं फाटकंच.

तो बांधावर बसला. ढेकूळ कुस्करत ऱ्हायला.

"आज खाऊ घातला, तर ती जाणार हे म्याच कबूल केल्यागत हुईल की गं. बी हाय तवर पुढलं साल हाय."

मी इळा कमरंला खोवून घरला आले.

हुरडा काय थांबतुया व्हय कुणासाटी? ऊन तापलं अन् दाणा निबर झाला. मग एका सांजंला मी बसव्वाच्या उशाला बसलेली, तिच्या तोंडात पाणीबी ठरंना, तवा अण्णा इळा घिऊन पळाला. दारात आगटी पेटवली. गरम कणीस हातावर चोळू लागला. तळहात पोळलं तवा कुटं मूठभर दाणं सुटलं, तेबी निबर. एकतरी कवळं घावंल म्हणून एकेक करत सारी कणसं त्यानं आगटीत घातली. वाफ्यात नुसती बिनकणसाची ताटं ऱ्हायली.

"निबर झालं गं सारं," म्हणत तो रडाय लागला. मला बघवंना.

बसव्वा वाकळंवरनं म्हणाली, "आणा हिकडं."

तिनं चार दाणं तोंडात घेतलं. दात लावलाच न्हाय, नुसतं घोळवलं.

"कवळा हाय की. लई ग्वाड हाय."

मग उरलेलं दाणं तिनं पदराच्या टोकाला बांधलं. गाठ बसंना, मी बसवली. ती गाठ तिनं अण्णाच्या मुठीत दिली.

"हे बी ऱ्हाऊ द्या. पुढल्या साली पेरा."

भाजलेलं बी उगवत न्हाय. जलमभर मातीत राबलेल्या बाईला हे ठावं नसंल व्हय? अण्णालाबी ठावं हुतं.

"व्हय," तो म्हणाला, "हिरीकडंच पेरतो की."