हातघाई

“बाबा, मागे नका सरकू! तो आत आलाय, आता मागे सरकून काय उपयोग? झाडा गोळी!”

बाबांनी गोळी झाडली, पण ती छताला लागली. फोनच्या पडद्यावरचा त्यांचा सैनिक भिंतीला पाठ लावून आणखी थोडा मागे गेला, खाली बसला आणि तिथेच आडवा झाला. ज्याने मारलं तो गडी त्याच्या अंगावरून उडी मारून जिन्याकडे पळाला.

“मेलो,” बाबा म्हणाले.

“दिसलं.” लेकीने कानातला इअरफोन काढला. “लांबून तुमचा नेम किती छान आहे! टेकडीवरून त्या जीपवाल्याला काय उडवलंत! मग कुणी जवळ आलं की तुमचं काय होतं हो?”

बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. आतून भाजी चिरायचा आवाज थांबला आणि आईचा सुरू झाला, “आता त्या मेल्या खेळात तरी त्यांना जगू दे की गं थोडा वेळ.”

हा खेळ लेकीनेच त्यांच्या फोनमध्ये घालून दिला होता. शंभर माणसं एका ओसाड बेटावर उतरतात, पडक्या घरांतून बंदुका शोधतात आणि एकमेकांना मारत सुटतात. बेटाची हद्द आकसत जाते, माणसं एकमेकांच्या जवळ येत जातात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. लेक कॉलेजात होती आणि तिचे दोन मित्र, चष्म्या आणि ढोल्या, आपापल्या घरून तिच्या टोळीत खेळायचे. बाबा चौथे. दुकानातल्या त्या प्रकारानंतर ते घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले होते, जेवायला बोलावलं तर नुसतं ‘हं’ म्हणायचे. निदान त्यांचं बोट तरी हलेल म्हणून तिने ही युक्ती केली होती.

तो प्रकार सगळ्या गावाने पाहिला होता. बाबा एका सिक्युरिटी एजन्सीचे वॉचमन. मोबाइलच्या मोठ्या दुकानाच्या काचेच्या दारात ते उभे असत. कडक इस्त्री, टोपी, हातात काठी. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी दार उघडायचं आणि ‘या साहेब’, ‘या मॅडम’ म्हणायचं. एका दुपारी गिऱ्हाईक नसताना दोन माणसं हेल्मेट न काढताच आत शिरली. बाबा म्हणाले, “हेल्मेट काढा साहेब.” त्यातल्या एकाने हेल्मेट काढायच्या ऐवजी चाकू काढला. पुढचं बाबांना सलग आठवत नव्हतं, पण दुकानाच्या कॅमेऱ्याला आठवत होतं. काठी टाकून वॉचमन मागे सरकतो, सरकत सरकत गोदामाच्या दारापर्यंत जातो, आत शिरतो, दार बंद. काउंटरवरची मुलगी एकटी उरते. पुढे तिच्या उजव्या हातावर वार होतो.

ते चित्रण कुणीतरी बाहेर सोडलं. कुणीतरी त्यावर विनोदी संगीत चढवलं, कुणीतरी नाव दिलं ‘गोदामवीर’, आणि ते फोनाफोनांतून फिरलं. टोपीमुळे चेहरा ओळखू येत नव्हता, एवढंच नशीब.

“जीव वाचला हे काय कमी आहे?” आई म्हणाली होती. लेक म्हणाली होती, “बाबा, कुणीही घाबरलं असतं.” एजन्सीवाले काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी बाबांना एका बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकावर नेमलं. तिथे चोरण्यासारखं काही नव्हतं, आणि कुणी येतही नव्हतं.

“उद्यापासून जवळची लढाई शिकायची,” गोळी छताला लागली त्या संध्याकाळी लेकीने जाहीर केलं. आणि खरंच शिकवायला बसली. खेळात सरावाचं एक मैदान होतं. तिथे ती स्वतःच्या सैनिकाला बाबांच्या सैनिकावर सोडायची.

“दुर्बिणीला डोळा लावू नका. जवळच्या माणसाला दुर्बिणीतून बघितलं की नुसतं त्याचं बटण दिसतं. कमरेवरूनच झाडा. आणि खांबासारखे उभे काय राहता? डावीकडे, उजवीकडे, हलत राहा! गोळ्या भरायच्या तर भिंतीआड जाऊन भरा. त्याच्यासमोर पिशवी उघडून बसलात तर तो काय थांबणार आहे का?”

“आणि दार?” बाबांनी विचारलं.

“दारात कधीच थांबायचं नाही. एक तर आत, नाहीतर बाहेर. आधी कान द्यायचा. पावलं ऐकू येतात, लाकडावरची वेगळी, फरशीवरची वेगळी. कुठून येतोय ते कळलं की आपण आधी बाहेर पडायचं. घाबरायला त्याला लावायचं.”

बाबा कारखान्याच्या फाटकावर डबा खाऊन झाला की सराव करू लागले. अंगठ्याला फोड आला, त्यावर पट्टी लावून खेळले. पडद्यावर कुणी अंगावर आलं की त्यांचा अंगठा आपोआप मागे ओढला जायचा. तो त्यांनी हळूहळू पुढे रेटायला शिकवला. एका रविवारी दुपारी त्यांनी पडक्या शाळेत शिरून समोरच्या टोळीतल्या तिघांना एकट्याने लोळवलं. इअरफोनमधून चष्म्या ओरडला, “काका, कडक! काका, तुम्ही माणूस आहात की मशीन?”

बाबांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. जेवताना त्यांनी ते सगळं आईला रंगवून सांगितलं. जिन्यात कसा थांबलो, पाय कसे वाजले, पहिल्याला वळूच कसं दिलं नाही. आई म्हणाली, “आमटी गार होतेय.” पण तिने वाढताना त्यांच्याकडे बघितलं आणि तिला बरं वाटलं. माणूस बऱ्याच दिवसांनी हातवारे करून बोलत होता.

पुढच्या रविवारी पुन्हा चौघे जमले. लेक पलंगावर, बाबा खुर्चीत, मित्र कानात. खेळ सुरू व्हायला थोडा वेळ होता.

“काका म्हणजे आपला वाघ आहे,” चष्म्या म्हणाला. “नाहीतर एकेक नमुने असतात. तो गोदामवीर आठवतोय का?”

“कोण रे?” ढोल्याने विचारलं.

“अरे, तो वॉचमन नाही का! चोर आले तर हाच काठी टाकून आत गेला आणि कडी लावून बसला!”

ढोल्या खो खो हसायला लागला. लेकीचं बोट पडद्यावर थांबलं. “ए, बास हं,” ती म्हणाली.

“तुला काय झालं? काका, तुम्ही पाहिलाय ना तो व्हिडिओ?”

“पाहिलाय,” बाबा म्हणाले. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण कानात दोघंही वाट पाहत होते, आणि बाबा हसले. चांगले मोठ्याने हसले. “असली माणसं वर्दी कशाला घालतात कोण जाणे!”

“हा हा! बरोबर बोललात काका!”

लेकीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही. खेळ सुरू झाला होता.

त्या दिवशी बाबा कधी नव्हे इतकं चांगलं खेळले. शेवटचा शत्रू एका न्हाणीघरात लपला होता. बाबांनी पावलं ऐकली, दारात न थांबता सरळ आत शिरले आणि त्याने बंदूक उचलायच्या आत त्याला संपवलं. मुलांनी आरडाओरडा केला. बाबांनी मान वळवली तेव्हा पलंगावर फक्त लेकीचा फोन होता.

ती गच्चीत वाळलेले कपडे काढत होती. बाबा दारापाशी गेले.

“जिंकलो,” ते म्हणाले.

“हं.”

“ती मुलं आहेत गं. त्यांना काय माहीत.”

तिने चादरीचे चिमटे काढले आणि एकेक करून डब्यात टाकले. “मी सांगणार होते. तोंड उघडलंच होतं मी, की ते माझे बाबा आहेत, आता हसून दाखव. आणि तुम्हीच हसलात.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “व्हिडिओ आला तेव्हा मला लाज नव्हती वाटली, बाबा. मी कॉलेजात मान वर करून फिरत होते.”

बाबांना वाटलं, आता आत जावं. फोन घ्यावा, चहा टाकायला सांगावा. ते उंबऱ्यातच उभे राहिले.

“व्हिडिओला आवाज नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“ती दार वाजवत होती. ती पोरगी. मी आत गेल्यावर ती धावत आली माझ्यामागे. कॅमेऱ्यात ते कोपऱ्यामुळे नीट दिसत नाही. ‘काका, उघडा, काका, मला आत घ्या,’ असं म्हणत होती. मी कडी धरून उभा होतो.”

“कडी लावलेली होती ना?”

“लावलेली होती. तरी धरून होतो. हलू नये म्हणून.”

लेकीने चादर छातीशी धरली होती. खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती. ती म्हणाली, “तिला माहीत आहे? तुम्हाला ऐकू येत होतं, हे?”

“दार पातळ होतं,” बाबा म्हणाले.

तिने चादरीची घडी घालायला घेतली. एकटीला जमत नव्हती. एरवी त्यांनी दुसरं टोक धरलं असतं, पण तिने ते पुढे केलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाबांनी साधा शर्ट घातला. लेक चहा पीत होती. “चष्म्याला सांगितलं मी,” ती कपाकडे बघत म्हणाली. “तो सारखा सॉरी म्हणतोय. तुमच्याशी बोलायचंय म्हणतो.”

“त्याचं काय चुकलं?” बाबा म्हणाले. कुठे चाललात, असं तिने विचारलं नाही. फक्त ते चपला घालत असताना दिवा नसलेल्या जिन्यापर्यंत सोबत आली आणि वर उभी राहिली.

काउंटरवरच्या मुलीचं घर त्यांना माहीत होतं. दुकान सुटल्यावर बसची वाट बघत ती कितीदा घरच्या, गल्लीतल्या गोष्टी सांगायची. वाटेत फळांच्या गाडीपाशी ते थांबले, सफरचंद हातात घेतलं, आणि परत ठेवलं. आजाऱ्याला भेटायला चालल्यासारखं कसं जायचं?

दार तिनेच उघडलं. कानावर हेडफोन, तोंडासमोर माइकची दांडी. तिने दांडी बाजूला सारली.

“काका? या ना. बसा.”

तिने अजून ‘काका’ म्हणावं हे त्यांना सहन होईना. ते खुर्चीच्या कडेवर टेकले. खोलीत एक टेबल, त्यावर संगणक. ती आता घरूनच एका कंपनीच्या तक्रारींचे फोन घ्यायची. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता. बोटं अर्धवट वळलेली, तशीच.

“एजन्सीने कुठे टाकलं तुम्हाला?” तिने विचारलं.

“बंद कारखान्यावर.”

“बरं आहे मग. शांत असेल.”

“हो.” बाबांनी तोंड पुसलं. येताना बसमध्ये जुळवून आणलेलं सगळं पार विसरलं होतं. “तू दार वाजवत होतीस. मला ऐकू येत होतं. तू काय म्हणत होतीस ते सगळं ऐकू येत होतं.”

“माहीत आहे.”

बाबांनी वर पाहिलं.

“दाराखाली फट आहे ना. तुमचे बूट दिसत होते मला. अगदी दाराला लागून उभे होतात.” ती दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तशी सांगत होती. “मला वाटलं, काका कडी काढतायत. अडकली असेल, निघेल आता. म्हणून मी तिथेच थांबले. नाहीतर मागच्या दाराने पळाले असते.”

भिंतीवरच्या पंख्याचा आवाज येत होता. बाबांना वाटत होतं, तिने ओरडावं, हाकलून द्यावं.

“पोलिसांना हे सांगितलं नाहीस?”

“सांगून काय बोटं सरळ होणार होती?” मग तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. “राग आहे मला, काका. खूप आहे. तुम्ही घरी आलात म्हणून तो गेला, असं नाही व्हायचं.”

“नको जायला,” बाबा म्हणाले. “मी त्यासाठी नाही आलो.”

“मग?”

“तुला वाटायला नको, की मला ऐकूच आलं नव्हतं.”

ती काही बोलणार होती, तेवढ्यात टेबलावर दिवा लुकलुकला. तिने डाव्या हाताने कळ दाबली. तिचा आवाज एकदम बदलला, दुकानात असायचा तसा गोड झाला. “नमस्कार, बोला सर. काय अडचण आहे आपली?” पलीकडचा माणूस चिडलेला असावा. ती “हो सर, समजतंय मला” म्हणत राहिली. बोलता बोलता घसा कोरडा पडला म्हणून तिने पाण्याची बाटली ओढली. झाकण घट्ट बसलं होतं.

बाबा अर्धे उठले, हात पुढे झाला. तिने माइकवर बोलणं न थांबवता मान हलवली. नको.

ते परत बसले. तिने बाटली दोन्ही गुडघ्यांत धरली, डाव्या हाताने झाकण पिळलं. हात निसटला. “नाही सर, फोन ठेवू नका, मी आहे इथे,” ती म्हणाली आणि पुन्हा बाटली घट्ट धरली. बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मान खाली घालावीशी वाटत होती, पण त्यांनी ती घातली नाही.