राजाच्या खिळ्यावरची वाटी

मी काशाची वाटी बोलतेय. जरा वाकून ऐका, कारण मी पाण्याखाली आहे आणि काठ सोडला तर सगळी गाळात रुतलेय. किती वर्षं झाली, कुणाशी बोलले नाही. तुम्ही पाणी प्यायला वाकलात, तुमची बोटं माझ्या काठाला लागली, म्हणून म्हटलं, आता बोलून घ्यावं. पुन्हा कोण कधी येतंय!

माझा जन्म राजा हेरेवाल्डच्या कासाराच्या भट्टीत झाला. टोन्ना त्याचं नाव. म्हातारा एका डोळ्यानं अधू होता, पण हात पक्का होता. आम्ही चाळीस बहिणी एकाच हिवाळ्यात घडलो, प्रत्येकीच्या काठाला टांगायची कडी. माझा काठ ठोकताना त्याला नेमकी शिंक आली आणि हातोडा घसरला. काठाला हा जो पोचा आहे ना, तो तेव्हाचा. "राहू दे," म्हातारा म्हणाला, "झऱ्यावर कोण बघतंय!" झालं. जन्मभर हा पोचा घेऊन राहिले.

राजानं आम्हाला कशासाठी घडवलं, तेही सांगते. हेरेवाल्ड गादीवर बसण्याआधी बारा वर्षं जीव मुठीत घेऊन रानोमाळ फिरला होता. चुलत्यानं राज्य बळकावलं होतं आणि मारेकरी मागावर होते. तहान लागली की घोड्याच्या खुरात साचलेलं पाणी प्यायचा, असं लोक सांगत. राज्य परत मिळाल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर, प्रत्येक झऱ्यापाशी खांब रोवून एकेक वाटी टांगली. चाळीस झरे, चाळीस वाट्या. माझ्या बहिणींना मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

मला टांगायला राजा स्वतः आला होता. खिळा ठोकला तो कुथानं. कुथा म्हणजे राजाचा जिवलग सरदार, वनवासातही बरोबर राहिलेला. मानेनं जाड, आवाजानं त्याहून जाड. ठोकून झाल्यावर त्यानं विचारलं, "महाराज, साखळी घालू का? नाहीतर दोन दिवसांत पळवतील."

"साखळी घातली तर लोक म्हणतील, हेरेवाल्डचा स्वतःच्याच शब्दावर भरवसा नाही," राजा हसला. "माझ्या राज्यात पाठीवर लेकरू बांधून एखादी बाई एकटी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली पाहिजे. तिला पाणी मिळालं पाहिजे आणि तिच्या केसालाही धक्का लागता कामा नये. हा माझा शब्द."

"आणि वाटी उचललीच कुणी तर?"

राजाचं हसू मावळलं. "तर ज्या हातानं उचलली, तो हात तिथंच खिळ्याखाली पडेल."

मग त्यानं माझ्यातून पहिला घोट घेतला. ओठ फुटलेले होते, दाढीतून पाणी गळत होतं. मला फार अभिमान वाटला. वेडी होते.

पुढं काय झालं, ऐका. मीठवाले आले, धनगर आले, मठातले साधू आले, लग्नाची वऱ्हाडं आली. सगळे प्यायचे. पण पिऊन झालं की मला दोन्ही हातांनी जपून खिळ्यावर अडकवायचे, दोन पावलं मागं सरायचे आणि रिकामे तळवे पुढं करून दाखवायचे. कुणाला? कुणालाच नाही! आजूबाजूला चिटपाखरू नसायचं. तरी दाखवायचे, झाडाला, खांबाला, माझ्या तोंडाकडे बघत. बघा हं, काही नेलेलं नाही! आधी मला याचं हसू यायचं. नंतर नंतर बोचायला लागलं. हजार तोंडांनी मला ओठ लावले, पण 'ही माझी' म्हणून कुणी मला धरलं नाही. मीठवाल्यांच्या कंबरेला लाकडाच्या वाट्या असायच्या, चिरलेल्या, आंबूस वासाच्या. त्यांचा मला हेवा वाटायचा. त्या रोज रात्री घरी जायच्या.

एकदा मीही घरी गेले. तेवढं एकदाच.

झऱ्याच्या वर चढावर एक झोपडी होती. तिथं विगा नावाचा डुकरं राखणारा राहायचा, त्याची बायको डुन्ना आणि तीन वर्षांची मुलगी एबा. एका संध्याकाळी विगा धावत खाली आला. एबा तापानं फणफणली होती, आणि घरातलं एकुलतं एक मडकं त्याच दिवशी फुटलं होतं. बाकी भांडी लाकडाची. दूध तापवायचं कशात? त्यानं मला खिळ्यावरून काढलं, क्षणभर थबकला आणि छातीशी धरून वर पळाला.

काय सांगू तुम्हाला! चूल पहिल्यांदा पाहिली. डुन्नानं माझ्यात बकरीचं दूध ओतलं, निखाऱ्यांवर ठेवलं, आणि मी हळूहळू तळापासून गरम झाले. एबानं पोच्याच्या बाजूनंच ओठ लावले. तिथं बरोबर तिचं इवलंसं तोंड बसलं. त्या क्षणी मी टोन्नाला सगळं माफ केलं.

सकाळी विगा मला परत टांगायला आला, तर खांबापाशी कुथा उभा.

सगळं सांगितलं विगानं. पाया पडला. कुथानं ऐकून घेतलं. "पोर आजारी आहे, कळतं मला," तो म्हणाला. "पण आज तुझी पोर, उद्या आणखी कुणाची. राजाचा शब्द एकदा वाकला की वाकलाच." पुढचं मी सांगत नाही. मी तिथंच होते, खिळ्यावर.

एबा पंधरा दिवसांनी गेली. विगा पुढच्या हिवाळ्यात. आणि डुन्नाला कुथानं जाता जाता हुकूम केला होता, "वाटी रोज घासायची. राजाची वाटी हिरवी पडता कामा नये."

अकरा वर्षं तिनं मला घासलं. वाळूनं, खसाखसा, दात ओठ खाऊन. एक शब्द बोलली नाही. माझ्यातून एक घोट प्यायली नाही, तहान लागली तर ओंजळीनं प्यायची. मला रोज हात लावणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला माझं तोंड बघवत नव्हतं. असं एकटेपण कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मग एका शरदात रस्त्यावरून माणसं पळत आली. एक जण घोटभर पिता पिता म्हणाला, "पडला. नदीकाठी पडला हेरेवाल्ड. दोन्ही मुलांसकट." आणि तो पळाला. पण पळण्याआधी त्यानं मला टांगलं आणि तळवे दाखवले! मेलेल्या राजाची केवढी ही दहशत! मला वाटलं होतं, आता तरी कुणी उचलेल. आता कुणाचा हात तुटणार? पण कुणी उचललं नाही. चौथ्या दिवशी रस्ता ओस पडला.

त्याच दुपारी पूर्वेकडून एक बाई लंगडत आली. पाठीवर लेकरू. टिल्बा तिचं नाव. नवरा मासेमारीला गेलेला बुडाला, म्हणून ती पश्चिमेच्या समुद्रावर आईकडे निघाली होती. मुक्कामाला आडवाटेच्या वाड्यांवर पाहुणचार घेत आली होती, तिला लढाईचा पत्ताच नव्हता. लेकराचे ओठ सुकले होते, रडायचंही त्राण नव्हतं. झऱ्याचा उतार निसरडा आणि तिचा पाय मुरगळलेला. लेकराला घेऊन उतरायची तिची छाती होईना. तिनं त्याला वर गवतावर ठेवलं आणि एकटी बसत बसत खाली आली.

आणि काय केलं तिनं? माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओंजळ भरली! ती ओंजळ सांभाळत लंगडत वर गेली. वर पोचेस्तोवर दोन थेंब उरले. पुन्हा खाली. शालीचं टोक भिजवून नेलं, तर ती राठ लोकर लेकरू तोंडात घेईना. पुन्हा ओंजळ. चार खेपा झाल्या. अगं बाई, मी इथं टांगलेय ना! ने की मला! वीस पावलं तर आहेत! माझ्या जिवाची नुसती तगमग होत होती. पण भांड्याला ओरडता कुठं येतं?

वरून डुन्ना बघत होती. न राहवून खाली आली. "पोरी, डोळे फुटले का? समोर वाटी दिसत नाही?"

"दिसते की, मावशी," टिल्बा धापा टाकत म्हणाली. "पण राजाची आहे ती. खिळ्यापासून लांब नेली की हात तोडतात. इकडच्याच कुणाचा तरी तोडलाय म्हणे."

"हो. माझ्या नवऱ्याचा."

टिल्बाच्या ओंजळीतलं पाणी सांडून गेलं.

"आणि तुझा राजा मेलाय. चार दिवस झाले," डुन्ना म्हणाली.

"मेला?" टिल्बानं वर रस्त्याकडे पाहिलं. "मग हा रस्ता? त्याच्याच भरवशावर मी एकटी निघाले, मावशी. आता मी कशी जाऊ?"

डुन्नानं माझ्यावर हात ठेवला. मग तिनं मला काढलं, भरलं आणि चढ चढून लेकराच्या ओठांना लावलं. ते चुटुचुटु प्यायलं. मग आम्ही सगळी झोपडीत गेलो. तीच चूल, तेच तीन दगड. दूध तापत असताना डुन्ना माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम रडायला लागली. "अकरा वर्षं हिच्यावर राग काढला गं मी. हिनं काय केलं होतं? दूधच तर तापवलं होतं."

एवढ्यात दारात सावली पडली. कुथा होता. ना घोडा, ना शिरस्त्राण, बाही रक्तानं कडक झालेली, हातात तलवार. "खिळा रिकामा आहे," तो म्हणाला. आवाज तोच. "वाटी कुठाय?"

टिल्बानं लेकराला घट्ट धरलं. डुन्ना मात्र उठली आणि उजवा हात त्याच्यासमोर धरला. "ही बघ, चुलीवर आहे. मी उतरवली. घे, तोड."

कुथा हाताकडे बघत राहिला. मग लेकराकडे. मग उंबऱ्यावरच बसला आणि तलवार खाली ठेवली. "तीन दिवस रस्ता टाळून आलो, पाणी मिळालं नाही," तो पुटपुटला. "झऱ्यावर आलो तर वाटी नाही."

"ओंजळ नव्हती का तुला?"

"सुचलंच नाही, बाई."

"मग थांब. लेकराचं होऊ दे." राजाचा सरदार थांबला. लेकराचं दूध संपल्यावर डुन्नानं मला धुतलं, पाणी भरून त्याच्या हातात दिलं. तो प्यायला तेव्हा माझ्या पाण्यात त्याचे अश्रू पडले. खारट होते. "विगाचं मला रोज आठवतं," तो म्हणाला. डुन्ना म्हणाली, "मलाही."

थोड्या वेळानं त्यानं टिल्बाला विचारलं, "कुठं निघालीस?"

"पश्चिमेला, आईकडे. महाराजांनी शब्द दिला होता ना, सरदार?"

"दिला होता. उद्या निघू. मी सोडतो."

"वेडा झालास का?" डुन्ना म्हणाली. "रस्त्यावर शत्रूची माणसं असणार. रानात शिरलास तर वाचशील."

"शब्द त्यांनी दिला, पण खिळा मी ठोकलाय," कुथा म्हणाला.

सकाळी तिघं झऱ्यावर आली. डुन्ना टिल्बाला म्हणाली, "ने ही वाटी. वाटेत लागेल." मी आतून लकाकले. झालं एकदाचं! आता मलाही घर मिळणार, लेकरू मिळणार! टिल्बानं मला घेतलं, छान धुतलं आणि खिळ्यावर अडकवलं.

"नको मावशी," ती म्हणाली. "माझ्या मागून कुणी आलं तर?" आणि दोन पावलं मागं सरून तिनं रिकामे तळवे दाखवले.

मी तिला बोल लावत नाही. पण त्या दिवसासारखी मी कधी तुटले नाही.

दोन वर्षांनी एका मीठवाल्याकडून निरोप आला. टिल्बा पोचली होती. मुलगी आता चालते, आणि तिचं नाव डुन्ना ठेवलंय. "आणि बरोबरचा माणूस?" डुन्नानं विचारलं. समुद्र दिसेपर्यंत तो आला, मग माघारी वळला, आणि नंतर त्याला कुणी पाहिलं नाही.

त्यानंतर डुन्ना माझ्यातूनच प्यायची. घासता घासता गप्पा मारायची, बकरीच्या खोड्या सांगायची, पोच्यावरून अंगठा फिरवायची. घरी मात्र नेलं नाही. "कुणीतरी येईल गं," म्हणायची. असे सहा हिवाळे गेले. सातव्या हिवाळ्यात एका सकाळी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी हिरवी पडत गेले. रस्ता टेकडीच्या पलीकडून जायला लागला. खिळा गंजला आणि एके दिवशी मी खाली पडले, ती अशी.

"मागून कुणी आलं तर," एवढं एक वाक्य धरून मी इतकी वर्षं इथं आहे. कुणी आलं नाही हो. आज तुम्ही आलात. मागून येणारे ते तुम्हीच.

आता हात आत घाला. गाळ बाजूला करा. मला टांगायला खिळा शोधू नका, तो नाही. मला घरी न्या. चुलीजवळ कुठंही ठेवा, मी कुरकुर करणार नाही. एखादं लेकरू आजारी पडलं तर दूध तापवा आणि पोच्याची बाजू त्याच्या ओठांना लावा, तिथं बरोबर तोंड बसतं.

फक्त जाताना मागं सरून रिकामे हात दाखवू नका.