गळ्याएवढं पाणी

मोजणीसाहेबांनी दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पुन्हा तळ्याच्या काठाजवळ सोडला, दोरीवरची खूण बघितली आणि कागदावर आकडा टिपला. मग गोळा वर ओढून, त्याला लागलेला चिखल पायरीवर ठोकून झाडला. काठावर उभ्या असलेल्या माणसांचा जीव भांड्यात पडला. काठाला पाणी मांडीएवढं. कुठूनही मोजा, मांडीएवढंच.

“झालं तर मग,” ड्रायव्हर घाईने म्हणाला. “चला साहेब, चहा गार होतोय.”

ड्रायव्हर म्हणजे जन्मभर बस चालवून आता घरी बसलेला माणूस. वळण कुठे घ्यायचं ते त्याला बरोबर कळतं. साहेबांच्या कोपराला हात लावून त्याने त्यांना पत्र्याच्या खोलीकडे वळवलंही होतं. तेवढ्यात पाण्यातून टेलरबाई पायऱ्या चढून वर आल्या.

“साहेब, मधलं नाही मोजलंत ते?”

औषधाच्या दुकानवाल्याने टेलरबाईंकडे बघून डोळे मोठे केले.

“डोळ्यात काही गेलं का हो?” टेलरबाईंनी विचारलं.

“मधलं कशाला मोजायचं?” ड्रायव्हर म्हणाला. “मधे काय वेगळं असणार आहे?”

“तेच म्हणतेय मी. फार वेगळं नाहीच. मग मोजू दे की. उद्या कुणी म्हणायला नको, संघाने लपवलं म्हणून.”

आणि त्या गेल्या, खुंटाला बांधलेली जुनी बोट स्वतःच्या हाताने सोडली, आणि पदर खोचावा तसा ओला टॉवेल कमरेला खोचून वाट बघत उभ्या राहिल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

तळं म्हणायचं, पण खरं म्हणजे तो विटांसाठी माती काढून काढून झालेला खड्डा होता. भट्टी बंद पडली, खड्ड्यात पाणी साठलं आणि आजूबाजूची माणसं त्यात उतरायला लागली. पुढे त्यांनीच पायऱ्या बांधल्या, शेवाळ काढलं, कपडे बदलायला पत्र्याची खोली उभी केली आणि स्वतःला संघ म्हणवून घ्यायला लागली. दाराशी एक डबा ठेवलेला असे. जमेल ते टाका, नाही जमलं तर पोहा आणि घरी जा. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आली नाही, हेच नवल. आता नगरपालिकेच्या डोळ्यांवर आली होती. नवा नियम निघाला होता: पाणी उथळ असेल तर संघाने तळं खुशाल चालवावं. खोल असेल तर मोजणीसाहेबांनी धोका आहे की नाही ते लिहावं, आणि धोका असेल तर जागा ठेकेदाराला द्यावी. खोल पाणी बघून ‘धोका नाही’ असं लिहिणारा साहेब अजून जन्माला यायचा होता. ठेकेदार आला की कुंपण येणार, कुंपण आलं की तिकीट. तिकिटाचं ऐकूनच निम्म्या लोकांनी घरातल्या बादलीकडे बघायला सुरुवात केली होती.

म्हणून झाकली मूठ ठेवायची असं ठरलं होतं. साहेबांना काठाकाठाने हिंडवायचं, चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं. ते ठरलं तेव्हा टेलरबाई शाळेच्या गणवेशांची शिलाई उरकत मशीनवर बसल्या होत्या. त्यांना निरोप द्यायचा राहिला. पण निरोपाचं काय घेऊन बसलात. मधे पाणी खोल आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं.

त्याचं असं. संघाची शिकवायची एक रीत होती. नवशिक्याला सगळ्यांनी मिळून एकच सांगायचं, मधे गळ्याएवढं पाणी आहे, घाबरलास तर सरळ उभा राहा. पण उगाच पाय टेकू नकोस, गाळ उठतो आणि पाणी सगळ्यांसाठी गढूळ होतं. माणूस बिनघोर झाला की अंग सैल सोडतो, आणि अंग सैल सोडलं की तरंगतो. सुरुवातीला दोन्ही बाजूंना जाणती माणसं असतच. ज्या दिवशी तो एकटा पलीकडे जाईल, त्या दिवशी शिकवणाऱ्याने त्याला खरं काय ते सांगायचं. मग तो शिव्या घालायचा, बाकीचे हसायचे, आणि तिथून पुढे तो संघाचा.

टेलरबाईंना शिकवलं त्यांच्या नणंदेने. संघ उभा केला तोही तिनेच. टेलरबाई ‘वन्सं, वन्सं’ म्हणून हाक मारतात, ते ऐकून ऐकून ती साऱ्या तळ्याचीच वन्सं झाली होती. मिशीवाला ड्रायव्हरसुद्धा तिला वन्संच म्हणे. आता तिचे गुडघे गेले होते. पाण्यात उतरणं बंद होतं, पण सकाळी खुर्ची टाकून काठावर बसणं सुटलं नव्हतं.

“राहू दे गं,” खुर्चीवरून वन्सं म्हणाल्या. “साहेबांना उन्हात कशाला दमवतेस?”

“दमणूक कसली वन्सं? आत्ता जाऊन येतो.”

साहेब थांबले. काठावरचे सगळे चेहरे त्यांनी एकदा नीट बघून घेतले. मग टेलरबाईंना विचारलं, “तुम्ही रोज मधे जाता?”

“रोज. आरपार जाते. मला पोहता येत नाही हं साहेब, आपले हातपाय मारते झालं. पण उभं राहिलं की पाणी गळ्याएवढं, मग भीती कशाची?”

वन्संनी डोळे मिटून घेतले.

बोट ड्रायव्हरने वल्हवली, आणि जाताना जितकी हळू वल्हवता येईल तितकी हळू वल्हवली. टेलरबाई पुढे बसून बोटाने जागा दाखवत होत्या. साहेबांनी गोळा सोडला. दोरी त्यांच्या मुठीतून सरसरत निघाली. टेलरबाई आधी हसऱ्या चेहऱ्याने बघत होत्या. दोरी जातच राहिली.

“गाळात रुतला असेल गोळा,” त्या म्हणाल्या.

“गाळ नाही, बाई. पाणीच आहे.”

शेवटी दोरी सैल पडली. साहेबांनी ती चिमटीत धरली, वर ओढून खूण बघितली आणि ओठ आवळले.

“दोन माणसं एकाच्या डोक्यावर एक उभी केली, तरी वर पाणी उरेल.”

टेलरबाईंनी ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरने वल्ह्याकडे बघितलं. परत येताना टेलरबाईंनी दोन्ही हातांनी बोटीची कड घट्ट धरून ठेवली होती.

काठाला उतरल्या त्या तडक खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“वन्सं, तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“आम्हाला वाटायचं, वन्संनी तुम्हाला कधीच सांगितलंय,” औषधाचा दुकानवाला म्हणाला. “खरंच सांगतो, टेलरबाई. आज तुम्ही मधलं मोजा म्हणालात तेव्हा म्हटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला की काय.”

टेलरबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

“पहिल्यांदा एकटी पलीकडे गेलीस ना, त्याच दिवशी सांगणार होते,” वन्सं म्हणाल्या. “तू परत आलीस आणि पायरीला धरून हसायला लागलीस. माझा भाऊ गेल्यापासून तुला हसताना कुणी बघितलं नव्हतं. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. उद्याही तू हसत आलीस. पुढे मग माझीच मला लाज वाटायला लागली. आता सांगू तर कुठल्या तोंडाने सांगू?”

“ते गेले तेव्हा जो येईल तो मला गोड बोलून खोटंच सांगायचा,” टेलरबाई म्हणाल्या. “सगळं ठीक होईल म्हणे. दिवसभर मशीनवर वाकून वाकून पाठीचं धनुष्य व्हायचं आणि रात्री झोप नाही. हे पाणी एवढंच खरं वाटायचं मला. इथे आलं की पाठही दुखायची नाही आणि मी कुणाची कुणी नसायचे. आणि तेही तुम्ही खोटंच दिलंत.”

सवाल-जवाबाला कधी हार न जाणारी बाई ती, पण तिने मान खाली घातली.

साहेब मागे उभे होते. माणूस वाईट नव्हता. त्यांचा आवाजही चढला नाही.

“पोहता न येणाऱ्या बाईला खोटं सांगून इतक्या खोल पाण्यात सोडता तुम्ही. मी खोली लिहीन, आणि हेही लिहीन. उद्यापासून कुणी उतरू नका. कुंपणाची माणसं येतील.” मग टेलरबाईंकडे वळून ते म्हणाले, “तुम्ही वाचलात, बाई. इतकी वर्षं कशा वाचलात कुणास ठाऊक.”

“खरं आहे साहेब,” वन्सं म्हणाल्या. “माझंच चुकलं. लिहा तुम्ही.”

ड्रायव्हरने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. सगळं संपल्यातच जमा होतं. आणि ते संपवलं कुणी, तर जिला या पाण्यावाचून एक दिवस जात नव्हता तिने.

टेलरबाई तिथेच उभ्या होत्या. साहेबांचं ‘वाचलात’ त्यांच्या कानात अडकलं होतं. दगड वाचतो, मांजर वाचतं. आपण रोज उठून, डोकं पाण्यात घालून, एक हात मारून, मग दुसरा मारून पलीकडे जात होतो. पाय टेकला नव्हता. एकदाही नाही. गाळ उठू नये म्हणून.

त्यांनी कमरेचा टॉवेल काढून वन्संच्या मांडीवर टाकला.

“कुठे निघालीस?” वन्संनी विचारलं. “रागात पाण्यात उतरू नये, बाई.”

टेलरबाई पायऱ्या उतरल्यासुद्धा होत्या.

“अहो, आत्ताच काय सांगितलं मी?” साहेब म्हणाले.

“उद्यापासून म्हणालात,” टेलरबाई म्हणाल्या, आणि पाण्यात शिरल्या.

मांडीएवढ्या पाण्यापर्यंत सगळं रोजचंच होतं. पुढे मात्र खालचं दिसेना तसे हात जड झाले. अंग ताठ झालं. रोजची बाई आणि आजची बाई यांत फरक एवढाच होता, की आजच्या बाईला माहीत होतं. नाकातोंडात पाणी गेलं. त्या खोकल्या, डोकं वर काढलं, आणि काठावरून कुणीतरी ओरडलं. ड्रायव्हर कपड्यांनिशी पायरीवर उतरला. वन्संनी खुर्चीतूनच हात लांब करून त्याच्या सदऱ्याचा मागचा सोगा पकडला.

“थांब.”

“वन्सं, बुडतेय ती.”

“बुडत नाहीये. चिडलीय. जाऊ दे तिला.”

पण सोगा धरलेली मूठ आवळत चालली होती, आणि ते ड्रायव्हरला पाठीला कळत होतं.

टेलरबाईंनी खोकणं आवरलं. डोकं पाण्यात घातलं. एक हात मारला, मग दुसरा. भीती काही गेली नाही. पण भीती बरोबर घेऊनही हात चालतात, असं त्यांच्या ध्यानात आलं, आणि मग त्यांनी भीतीकडे लक्ष द्यायचं सोडून दिलं. मघाशी बोट जिथे थांबली होती तिथे त्या थांबल्या. सरळ झाल्या. आणि इतकी वर्षं जे करू नकोस म्हणून सांगितलं होतं ते त्यांनी केलं. पाय खाली सोडले.

हनुवटी बुडाली, नाक बुडालं, केस दिसेनासे झाले. काठावर कुणी श्वास घेत नव्हतं. साहेबांच्या हातातला कागद चुरगळला गेला.

मग त्या वर आल्या. तोंडावरचं पाणी निपटलं, हातपाय हलवत तिथेच तरंगत राहिल्या, आणि ओरडून म्हणाल्या, “वन्सं, इथे काहीच नाही हो खाली.”

“नाहीच आहे,” वन्सं म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. “मला धर रे,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. “पायऱ्यांपर्यंत ने. पुढचं माझं मी बघते.”

“गुडघे, वन्सं.”

“गुडघे काठावर लागतात. आत कोण विचारतंय गुडघ्यांना?”

ड्रायव्हरने त्यांना धरून खाली नेलं आणि मग तोही उतरला. औषधाच्या दुकानवाल्याने चष्मा खुर्चीवर ठेवला. बाकीचे कपडे बदलायलाही गेले नाहीत. बघता बघता काठ मोकळा झाला. वन्सं हळूहळू, श्वास टाकत टाकत मधे पोचल्या.

“माझा राग गेलेला नाही,” टेलरबाई म्हणाल्या.

“जाऊ देऊ नकोस,” वन्सं म्हणाल्या. “मला जरा बाजूने धर.”

टेलरबाईंनी एका हाताने त्यांना दंडाला धरलं आणि दुसऱ्या हाताने पाणी मारत राहिल्या.

काठावर साहेब एकटेच होते. त्यांनी चुरगळलेला कागद मांडीवर सरळ केला. पेन उघडलं. ‘पोहता न येणाऱ्या बाईला’ एवढं लिहिलं आणि थांबले.

“बाई,” त्यांनी हाक मारली, “बाहेर या सगळे. मला हे पुरं करायचंय.”

“करा की. आम्ही इथेच आहोत.”

“असं किती वेळ चालायचं?”

“ते कसं सांगू?” टेलरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पाण्यावरून सरळ काठाला येत होता आणि दम लागलेला नव्हता. “मला पोहता येतं हे मलाच आज कळलंय, साहेब. किती वेळ येतं ते अजून बघायचंय.”