गाऱ्हाण्यातलं बीएड

सलोनीची पीएच.डी. अडकली ती गंगाराम गावकरांच्या जिभेवर. एमएस्सीला तिने खगोलभौतिकी घेतली, ताऱ्यांच्या वर्णपटांशी झटापट करून डोळ्यांना चष्मा लावून घेतला आणि पुण्याच्या एका संस्थेत जागा मिळवली. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. आणि वडील, सदानंद, म्हणत होते, "देवाक शब्द दिलेलो आसा."

शब्द दिला होता गंगारामांनी. दिवाळीत सदानंदांनी लेकीच्या परीक्षेसाठी ग्रामदेव रवळनाथाला गाऱ्हाणं घालायला लावलं, म्हणजे देवळात सगळ्यांसमोर मागणं. देवाशी बोलायचा मान गंगारामांचा, आणि गावातल्या यच्चयावत मुलींसाठी त्यांच्याकडे गाऱ्हाणं एकच. "चेडवाक पास कर म्हाराजा, बीएड कर म्हाराजा, जवळच्या हायस्कुलात चिकटव म्हाराजा!" बीएड कोणी मागितलंच नव्हतं. पण देवापुढे उच्चारलं ते उच्चारलं.

"बाबा, माका शिकवूचा नाय. माका ताऱ्यांवर काम करूचा आसा."

"मगे तेवां जीभ खंय होती? सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणान तूच बोंबललंस."

हे मात्र खरं. मोबाईलवर प्रोजेक्टचा आलेख बघत बघतच तिने हात जोडले होते. समीकरणातलं एक चिन्ह चुकलं तर आठवडा वाया घालवणारी मुलगी, पण सगळे म्हणाले म्हणून तीही म्हणाली.

गंगारामांना गाठलं, तर ते सुपारी कातरत म्हणाले, "बदलूचा तर कौल लावया. माझ्या हातात काय गो?"

"तुमच्या तोंडात होता ना!"

"तोंड माझा, शब्द देवाचे."

दुपारी कौल लागला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर पुणे, डावी पडली तर बीएड. उन्हं उतरली तरी एकही पडेना.

"काका, पाणी जास्त लावलात. वाळल्याशिवाय पडायच्या नाहीत," चिडून तिची भाषा कॉलेजातली झाली. "पंखा लावू?"

"देवाक पंखो?" सदानंद खेकसले. "गप ऱ्हव. देव इचार करता."

देवळात रेंज नव्हती. सलोनी ताडकन उठली, बाहेर तुळशीकडे गेली आणि होकार पाठवून परत आली.

"बाबा, मी कळवलंय. पुण्याक जातलंय."

सदानंदांनी पहिल्यांदाच मूर्तीवरची नजर काढली. "देवाचा उत्तर येवच्या आधी?"

"देवाक मुदत नव्हती. माका होती."

गंगारामांनी खोकून वर तुळईकडे बघितलं. सदानंद वळून पुन्हा पाकळ्यांसमोर मांडी घालून बसले.

"तू जा पुण्याक. पण पडली खयची, ता माका कळाक व्हया."

"निदान घराक तरी चला!"

सदानंद हलले नाहीत. घर दूर, आणि मोटारसायकलची चावी सदानंदांच्या खिशात. सलोनी धुसफुसत पायरीवर बसली आणि देवाचा विचार संपायची वाट बघू लागली.